विश्लेषण : फॉल्स सीलिंगची बॉर्डर आणि आतले दिवे, बोर्ड चढण्याआधी काय पाहायचे?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या हॉलच्या छताला कडेने दीड फूट रुंदीची जिप्समची बॉर्डर करून घेतली होती. आत लपवलेली पिवळसर पट्टी पहिल्यांदा लागली तेव्हा घरात सगळ्यांचे एकमत झाले : हॉटेलसारखे दिसते. फेब्रुवारीत खिडकीकडची बाजू लुकलुकायला लागली आणि होळीपर्यंत विझली. वायरमन आला, शिडीवर चढला, टॉर्च मारून पाहिले आणि वरूनच विचारले, ‘ड्रायव्हर कुठे टाकलाय?’ ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते तो ठेकेदार फोन उचलत नव्हता. तीन ठिकाणी बोर्ड कापून झाल्यावर चौथ्या ठिकाणी, एसीच्या मागे, तो सापडला. बदलायचा भाग काही शे रुपयांचा होता. बोर्ड, पुट्टी आणि रंग यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला, आणि छतावरची ठिगळे संध्याकाळी दिवे लागले की अजून दिसतात.

बॉर्डर सीलिंग करताना घरमालकाचे सगळे लक्ष डिझाइनकडे असते. फोनवर शंभर फोटो पाहून झालेले असतात. प्रत्यक्षात काम टिकणार की नाही, दिवे सुरक्षित राहणार की नाही, हे ठरते ते बोर्डच्या वरच्या सहा-सात इंचांत. ती जागा कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंद होते आणि मग कापल्याशिवाय उघडत नाही. म्हणून विचारायचे ते प्रश्न त्याआधीच विचारलेले बरे.

पूर्ण सीलिंग न करता बॉर्डरच का?

आपल्याकडच्या फ्लॅटची उंची हे त्याचे साधे उत्तर. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची जमिनीपासून छतापर्यंत किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असावी लागते. बहुतेक बिल्डर त्याच्या आसपासच थांबतात. त्यात संपूर्ण छत सहा इंच खाली आणले की खोली डोक्यावर आल्यासारखी वाटते. बॉर्डरमध्ये फक्त भिंतीलगतचा पट्टा खाली येतो, मधला मोठा भाग मूळ उंचीवर राहतो. पंखा जुन्याच हुकाला, मूळ स्लॅबला लटकतो. बीम, एसीचे पाइप, वायरी झाकल्या जातात. आणि मधला मोकळा स्लॅब प्रकाशाचा पडदा म्हणून वापरता येतो.

त्याच संहितेत वातानुकूलित खोलीसाठी फॉल्स सीलिंगच्या खालच्या कडेपर्यंत किमान २.४ मीटर, म्हणजे साधारण सात फूट साडेदहा इंच उंची सांगितली आहे. बॉर्डर किती खाली आणायची याचा शेवटचा थांबा म्हणून हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही. पण घरात कोणी सहा फुटी असेल तर साडेआठ फुटांच्या खाली जाऊ नये, असे माझे मत.

मोजमाप घेताना एकाच कोपऱ्यात टेप लावून भागत नाही. जुन्या इमारतींत तर सोडाच, नव्या इमारतींतही स्लॅब एका पातळीत नसतो. एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला इंचभराचा फरक सहज निघतो. चारही कोपरे आणि मध्यावर माप घ्यावे आणि सर्वांत कमी भरेल ते धरावे. कारागीर लेझर लेव्हल लावून किंवा जुन्या पद्धतीने पाण्याची नळी धरून भिंतीवर खूण करतात, मग रंगाची दोरी मारतात. ही रेघ मारली जात असताना घरमालकाने तिथे उभे राहावे. त्या रेघेवर पेलमेट, खिडकीचे आत उघडणारे झडप, माळ्याचे दार, वॉर्डरोबचा वरचा शटर या सगळ्यांचे भवितव्य ठरते. बॉर्डर झाल्यावर माळ्याचे दार अर्धेच उघडते, असे घर प्रत्येक सोसायटीत एखादे तरी सापडेल.

दुसरी नेहमीची चूक एसीची. स्प्लिट एसीचे आतले युनिट हवा वरच्या बाजूने ओढते. बॉर्डर त्याच्या डोक्यावर टेकवली की एसी चालतो, पण खोली गार व्हायला वेळ लागतो आणि दोष एसीला दिला जातो. युनिटच्या वर किती जागा सोडायची ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढी जागा राहत नसेल तर आधी एसी खाली घ्यावा, नाहीतर त्या भिंतीवरची बॉर्डर सोडून द्यावी. तीन बाजूंची बॉर्डर वाईट दिसत नाही.

प्रकाश छतभर का पसरत नाही?

लपवलेल्या प्रकाशाला कारागीर ‘कोव्ह’ म्हणतात. रचना सोपी आहे. बॉर्डरचा खालचा बोर्ड आतल्या उभ्या बाजूच्या चार-पाच इंच पुढे काढतात, त्यामुळे एक छज्जा तयार होतो. छज्ज्याच्या टोकाला दोन-अडीच इंचांची उभी कड असते. पट्टी छज्ज्यावर, कडेच्या आड बसते. तिचा प्रकाश स्लॅबवर आपटतो आणि मऊ होऊन खाली येतो.

यातले सगळ्यात महत्त्वाचे माप म्हणजे कडेचे वरचे टोक आणि स्लॅब यांच्यातली फट. ती दोन इंचांची असली तर छताच्या कडेला एक झगझगीत रेघ उमटते आणि मधला भाग काळोखा राहतो. फट चार इंचांच्या वर गेली की प्रकाश आत पसरू लागतो. सहा इंच मिळाले तर उत्तमच. म्हणजे हिशेब असा : फट चार इंच, कड दोन इंच, बोर्ड आणि पट्टीची जाडी मिळून एक इंच. बॉर्डर स्लॅबपासून किमान सात इंच खाली आली. नऊ फूट दोन इंचांच्या खोलीत खाली आठ फूट सात इंच उरतात. हे जमत असेल तर कोव्ह करावा. जमत नसेल, तर फट दोन इंचांवर आणून समाधान मानण्यापेक्षा बॉर्डर पातळ ठेवून तिच्यात छोटे गोल दिवे बसवणे चांगले. ‘कमी उंचीतही कोव्ह करून देतो’ असे सांगणारे बरेच असतात. ते करून देतातही. दिसते ती फक्त रेघ.

याची चाचणी घरच्या घरी, एका संध्याकाळी घेता येते. बारा व्होल्टची पट्टी आणि तिचा छोटा अडॅप्टर आणावा, पुठ्ठ्याच्या एल आकाराच्या तुकड्यावर पट्टी चिकटवावी, शिडीवर उभे राहून तो पुठ्ठा स्लॅबपासून तीन इंच, पाच इंच, सात इंच असा धरून पाहावा. खाली सोफ्यावर बसलेल्याने सांगावे कोणते बरे दिसते. फोटोंपेक्षा हा पुठ्ठा जास्त खरे बोलतो. सोफ्यावरून दिव्यांचे ठिपके दिसतात का, हेही त्याच वेळी कळते. दिसत असतील तर कड अर्धा इंच वाढवायची.

आणखी एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. छताला घासून जाणारा तिरपा प्रकाश स्लॅबवरचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक जुनी भेग, पंख्याच्या पॉइंटभोवतीचे प्रत्येक ठिगळ उठून दाखवतो. ट्यूबलाइटच्या उजेडात वर्षानुवर्षे सपाट वाटलेला स्लॅब कोव्ह लागताच खडबडीत होतो. म्हणून मधल्या मोकळ्या स्लॅबलाही पुट्टी आणि घासणी धरावी, आणि ती ठेक्यात लिहून घ्यावी. रंग मॅट असावा. चकचकीत रंगात पट्टीचे ठिपके आरशासारखे दिसतात आणि लपवलेली पट्टी लपतच नाही.

पीओपी की जिप्सम बोर्ड? दोन्हींच्या मुळाशी एकच खनिज आहे. देशातले बहुतेक नैसर्गिक जिप्सम राजस्थानातून येते. ते साधारण दीडशे अंशांपर्यंत भाजले की त्यातले बरेचसे पाणी उडते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस मिळते. पॅरिसजवळच्या माँमार्त्रच्या खाणींवरून त्याला हे नाव पडले. पाणी घातले की ते पुन्हा घट्ट होते. पीओपीचे काम जागेवरच कालवून, लिंपून होते. गोलाई, नक्षी हवी असेल तर ते चांगले, पण पसारा फार आणि सुकायला वेळ लागतो. सरळ रेषांच्या बॉर्डरला जिप्सम बोर्ड बरा. बाजारात साधारण सहा बाय चार फुटांचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड मिळतो. जिप्समच्या वजनात पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त पाणी रासायनिक रूपात बांधलेले असते. आग लागली तर ते वाफ होऊन निघते आणि तेवढा वेळ बोर्ड तापू देत नाही. प्लायवुडच्या किंवा पीव्हीसी पट्ट्यांच्या बॉर्डरला ही सोय नाही. आत विजेच्या वायरी जाणार असताना हा फरक लहान नाही.

सांगाडा कशावर टांगला आहे?

साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड दर चौरस मीटरला साधारण आठ ते नऊ किलो भरतो. बारा बाय सोळा फुटांच्या हॉलला दीड फुटाची बॉर्डर म्हणजे ७५ चौरस फूट, जवळजवळ सात चौरस मीटर. नुसत्या खालच्या बोर्डाचे वजन साठ किलोच्या घरात गेले. उभी बाजू, लोखंडी पट्ट्या, पुट्टी, दिवे वेगळे. हे सगळे सोफ्याच्या बरोबर वर लटकणार आहे.

ते तोलते गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा सांगाडा. भिंतीला कडेची पट्टी, स्लॅबपासून खाली येणारे अँगल, त्यांना आडवी जाडी पट्टी आणि तिच्याखाली बोर्ड धरणारा सेक्शन. बोर्ड धरणारे सेक्शन साधारण दीड-दीड फुटावर हवेत, त्यांना पेलणाऱ्या पट्ट्या चार-चार फुटांवर. पैसे वाचवायचे असले की हीच अंतरे वाढवली जातात आणि पत्रा पातळ आणला जातो. अर्ध्या मिलिमीटरच्या खालचा पत्रा बोटांनी दाबला तरी वाकतो. सामान घरात आले की एक पट्टी हातात घेऊन पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. स्लॅबला अँगल बसवताना लाकडी खुंटी ठोकून त्यात खिळा मारणे हा जुना प्रकार अजून चालतो. लाकूड सुकते, आकसते, खिळा सैल होतो. स्लॅबमध्ये धातूचे अँकर फास्टनरच हवेत.

स्लॅबला भोके पाडण्याआधी दोन गोष्टी. पंख्याच्या आणि दिव्याच्या पॉइंटकडे जाणारे वायरींचे पाइप बहुतेक वेळा स्लॅबच्या पोटातूनच गेलेले असतात. ड्रिल त्यांच्यात घुसले तर काय होते, ते सांगायला नको. पॉइंटची जागा पाहून पाइप कुठून गेला असेल याचा अंदाज वायरमनला घेऊ द्यावा, आणि ड्रिलिंग चालू असताना त्या सर्किटचा एमसीबी खाली असावा. दुसरी गोष्ट नव्या उंच इमारतींची. काही ठिकाणी स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा असतो, म्हणजे त्याच्या आत ताणलेल्या पोलादी केबल असतात. तिथे बिल्डरने दिलेला नकाशा पाहिल्याशिवाय एकही भोक पाडू नये. मिवान पद्धतीच्या इमारतींत भिंतीही काँक्रीटच्या असतात, त्यामुळे वायर भिंतीत खोदून न्यायचा विचार सोडून द्यावा लागतो. अशा घरांत उलट बॉर्डरचाच उपयोग वायर नेण्यासाठी होतो.

सोसायटीच्या समितीला लेखी कळवून परवानगी घ्यावी. बऱ्याच जणांना हे विनाकारण वाटते. पण उद्या वरच्या घरातून पाणी झिरपले तर ‘तुमच्या ड्रिलिंगमुळेच झाले’ हे पहिले वाक्य ऐकावे लागते.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर. जिप्सम कोरडे असेपर्यंत दगडासारखे, भिजले की पापडासारखे. शिवाय वरची गळती आता सरळ खाली न पडता बॉर्डरच्या आत साचते, पत्र्याच्या पट्टीवरून वाहत जाते आणि भलतीकडेच डाग दिसतो. वाटेत वायरीचा उघडा जोड असेल तर पत्र्यात वीज उतरण्याची भीती असते. म्हणून नव्या घरात शक्यतो एक पावसाळा जाऊ द्यावा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग पाहावे. छतावर पिवळा कडा असलेला एखादा डाग असेल तर बॉर्डर हे तो झाकण्याचे साधन नाही. आधी तो का पडला ते शोधायचे. स्वयंपाकघरात किंवा बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये ओलावा सहन करणारा हिरव्या कागदाचा बोर्ड घ्यावा. कोकणपट्टीत तर हॉललाही तोच घेतला तरी वाया जाणार नाही. मात्र तो दमट हवा सोसतो, गळती नाही.

बारा व्होल्ट, चोवीस व्होल्ट की थेट २३०?

दुकानात ‘रोप लाइट’ म्हणून मीटरवर मिळणारी पट्टी बहुधा थेट घरच्या २३० व्होल्टवर चालते. स्वस्त, झगझगीत, ड्रायव्हरची कटकट नाही, बसवायला दहा मिनिटे. म्हणून ठेकेदारांची ती आवडती. पण तिच्या पूर्ण लांबीत जीवघेणा दाब असतो. वरचे प्लास्टिक उन्हाने-उष्णतेने तडकले, उंदराने कुरतडले किंवा टोकाची टोपी निघाली, की दिवाळीच्या साफसफाईत ओले फडके घेऊन छज्जा पुसणाऱ्याचा हात थेट त्यावर जातो. शिवाय अशा पट्ट्या सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते, आणि फिरणारा पंखा मध्येच थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा भासतो. दुकानातच फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून पट्टीकडे धरावा. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर ती पट्टी राहत्या खोलीत नको.

बारा किंवा चोवीस व्होल्टच्या पट्टीला ड्रायव्हर लागतो. तो २३० व्होल्टचा प्रवाह कमी दाबाच्या एकाच दिशेच्या प्रवाहात बदलतो. आता वरच्याच हॉलचे उदाहरण. छज्ज्याच्या आतून पट्टीची लांबी साधारण १४ मीटर भरते. मीटरला दहा वॉटची पट्टी घेतली तर एकूण १४० वॉट. ड्रायव्हर कधीही पूर्ण क्षमतेवर चालवू नये, ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावा. म्हणजे १७५ वॉटपेक्षा मोठा एक, किंवा १०० वॉटचे दोन, प्रत्येकावर सात मीटर. दोन घेण्यात फायदा असा की एक गेला तरी अर्धा हॉल उजळतो, आणि दोन स्विच दिले तर रोज सगळे लावायची गरज नाही. विजेचा हिशेबही सांगून टाकतो : १४० वॉट रोज चार तास चालले तर महिन्याला सतरा युनिटच्या आसपास.

व्होल्ट कमी म्हणजे धोका नाही, ही समजूत मात्र चुकीची. तेवढेच १४० वॉट बारा व्होल्टवर ओढायचे तर प्रवाह जवळजवळ बारा अँपिअर होतो. चोवीसवर तो सहावर येतो. केसासारख्या बारीक वायरीतून बारा अँपिअर नेले की वायर तापते. बारा व्होल्टच्या पट्टीला एका टोकाने वीज दिली तर पाच मीटरनंतर ती मंद आणि पिवळी पडत जाते, कारण वाटेत दाब घटतो. लांब हॉलला म्हणून चोवीस व्होल्टची पट्टी घ्यावी. बारा व्होल्टचीच घेतली असेल तर दर पाच मीटरला ड्रायव्हरपासून वेगळी वायर न्यावी लागते. एका गुंडाळीच्या शेपटाला दुसरी जोडणे हे काम नव्हे. सगळ्या गुंडाळ्या एकाच वेळी, एकाच खोक्यातल्या घ्याव्यात. नंतर आणलेली गुंडाळी त्याच नावाची असली तरी छटा वेगळी निघते आणि हॉलची एक भिंत गुलाबी दिसते.

पट्टी नुसती जिप्समवर चिकटवली तर डिंक उन्हाळ्यात सुटतो आणि मे महिन्यात पट्टी छज्ज्यातून खाली डोकावते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवली की ती सरळ राहते आणि तिची उष्णता धातूत जाते. एलईडीचे आयुष्य उष्णताच खाते.

रंगाबाबत फार खल करायची गरज नाही. खोक्यावर के अक्षरापुढे आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा, ४००० मधला, ६५०० म्हणजे दवाखान्यासारखा पांढरा. रात्री बसायच्या खोलीला ३००० पुरे. मुले तिथेच अभ्यासाला बसत असतील तर बॉर्डरच्या खालच्या बाजूला ४०००चे गोल दिवे वेगळ्या स्विचवर द्यावेत. कोव्हच्या उजेडात वाचता येत नाही, तो वाचण्यासाठी नसतोच. गोल दिवे पंख्याच्या पात्यांच्या आड येणार नाहीत एवढे पाहावे, नाहीतर भिंतीवर दिवसरात्र सावल्या फिरत राहतात.

ड्रायव्हर कुठे ठेवायचा?

आमच्याकडे जे घडले त्याचे मूळ इथे. संपूर्ण यंत्रणेत सर्वांत आधी बिघडतो तो ड्रायव्हर. पट्टी वर्षानुवर्षे चालते, ड्रायव्हर मात्र आतल्या गरम, बंद हवेत लवकर म्हातारा होतो. म्हणजे तो बदलावा लागणार हे धरूनच त्याची जागा ठरवायची. सर्वांत सोपी जागा म्हणजे छज्जाच : लांबट, अरुंद ड्रायव्हर घेऊन तो पट्टीच्या मागे ठेवायचा. शिडी लावली की हात पोहोचतो, हवा लागते, काही कापावे लागत नाही. छज्जा त्यासाठी इंचभर जास्त रुंद करावा. ते शक्य नसेल तर बॉर्डरच्या खालच्या बोर्डात एक फूट बाय एक फुटाचे झाकण ठेवून घ्यावे. तयार झाकणे मिळतात, रंग दिल्यावर फारशी दिसत नाहीत. ‘झाकणामुळे लुक जातो’ असे ठेकेदार म्हणेल. जाऊ द्यावा.

ड्रायव्हरपर्यंत येणारी २३० व्होल्टची वायर पाइपातून यावी, पत्र्याच्या पट्टीच्या धारेवरून लोंबत नव्हे. पत्र्याची धार वायरीचे आवरण कालांतराने कापते. जोड काळी टेप गुंडाळून बोर्डवर टाकलेले नकोत, कनेक्टरने केलेले आणि डबीत बंद हवेत. या सर्किटला स्वतःचा एमसीबी असावा आणि घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते पाहावे. त्यावरचे चाचणीचे बटण दाबले की घराची वीज जायला हवी. गेली नाही तर बॉर्डरचा विषय बाजूला ठेवून आधी तो बदलून घ्यावा. ड्रायव्हरवर बीआयएसची नोंदणी खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. एलईडीचे ड्रायव्हर सक्तीच्या नोंदणीत येतात, तेव्हा बिनखुणेचा स्वस्त माल घेण्याचे कारण नाही.

हे काम स्वतः करता येईल का? हौशी लोक करतात. मोजमाप, डिझाइन, पुठ्ठ्याची चाचणी, कमी व्होल्टची पट्टी बसवणे, घासणी आणि रंग इतके हाती घ्यायला हरकत नाही. डोक्यावर बोर्ड धरून स्क्रू मारणे दोन-तीन माणसांचे काम आहे, आणि २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनचीच.

बोर्ड चढण्याआधीचा अर्धा तास

सांगाडा उभा राहिला, वायरी ओढून झाल्या, की कारागिरांना चहाला पाठवावे आणि फोन घेऊन शिडीवर चढावे. प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून एक फोटो, त्यात टेप उघडून धरलेली. प्रत्येक जोडाच्या डबीचा जवळून फोटो. ड्रायव्हरच्या जागेचा फोटो. पुढे कधी पडद्याचा रॉड बसवायला भोक पाडायचे झाले तरी हेच फोटो कामी येतात. दोन-तीन अँगल हाताने जोर लावून ओढून पाहावेत. पेलमेटला स्क्रू मारायचा आहे तिथे आत लाकडाची पट्टी किंवा जास्तीचा सेक्शन टाकला आहे का पाहावे, कारण नुसता जिप्सम बोर्ड पडद्याचे वजन धरत नाही. झुंबर किंवा जड दिवा असेल तर तो स्लॅबलाच. प्रत्येक पॉइंटवर साधा बल्ब लावून स्विच चालू-बंद करून घ्यावा. यातले एकही काम बोर्ड लागल्यावर करता येत नाही.

बोर्डांच्या सांध्यावर कागदी किंवा जाळीची टेप आणि सांध्याचा खास मसाला लागतो. नुसती पुट्टी भरून घासली तर पहिले काही महिने काही दिसत नाही, मग सरळ रेषेत केसासारखी भेग येते. भेग आली की ठेकेदार ‘इमारत बसते आहे’ असे कारण देतो.

पैशांचे बोलणे सुरुवातीलाच, आणि कागदावर. दर चौरस फुटाला ठरतो, पण मोजायचे कसे यावरून भांडणे होतात. आपल्या उदाहरणात खालची सपाट बाजू ७५ चौरस फूट. आतली उभी बाजू साधारण अर्धा फूट उंच धरली तर आणखी २२-२३. काही ठेकेदार हे दोन्ही बेरजेत घेतात, काही उभ्या बाजूचा आणि कोव्हचा दर रनिंग फुटावर वेगळा लावतात, आणि काही जण संपूर्ण हॉलचे १९२ चौरस फूट मोजून ‘मधला भाग फुकट केला’ असे सांगतात. दर कितीही कमी वाटला तरी मोजण्याची पद्धत कळल्याशिवाय होकार देऊ नये. दरात पुट्टी, प्रायमर, दिव्यांची भोके, झाकण धरले आहे का, हेही विचारावे. रकमेचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत : थोडी आगाऊ, सांगाडा आणि वायरी पाहून झाल्यावर मोठा भाग, रंगाआधी पुढचा, आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के दिवे सलग पंधरा दिवस चालल्यावर.

राहिली साफसफाई. छज्ज्यावर धूळ बसतेच, पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर दिव्याला येणारे किडे तिथेच मरून पडतात आणि त्यांच्यामागे पाल येऊन राहते. दोन-तीन महिन्यांनी स्विच बंद करून कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने छज्जा साफ करावा. आमच्या हॉलच्या नव्या झाकणावर आता आतून पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ड्रायव्हर इथे, १०० वॉट, २४ व्होल्ट, बसवल्याची तारीख.